अतिनिकट साक्षी

कासारवेढ्यात सकाळी सात वाजता दोन गोष्टी ठरलेल्या असत: नळाला पाणी येणं आणि तगारे सरांचा सुविचार येणं. पाणी अधूनमधून दांडी मारायचं. सुविचाराने मात्र अकरा वर्षांत एकदाही दांडी मारलेली कुणाला आठवत नव्हती. 'आपलं कासारवेढे' या फोनवरच्या गटात सहाशे बारा माणसं होती आणि त्यातली निम्म्याहून अधिक सरांच्या हातची छडी खाऊन मोठी झालेली. सरांचा संदेश आला की जो तो दात घासता घासता, चहा गाळता गाळता, जोडलेल्या हातांचं चित्र अंगठ्याने पाठवून मोकळा व्हायचा. वाचतो कोण? सरांनी लिहिलंय म्हणजे चांगलंच असणार. रस्त्यात सर भेटले की आपण वाकतो, तेव्हा त्यांच्या चपला थोड्याच तपासत बसतो?

पेठेतल्या 'शेटे मेडिकल'चा मालक श्रीशैल शेटे हाही त्यातलाच. वय अठ्ठेचाळीस, दुकान वडिलांपासूनचं, आणि गावात नाव असं की लोक डॉक्टरची चिठ्ठी त्याच्याकडून वाचून घेऊन मगच डॉक्टरवर विश्वास ठेवायचे. त्या मंगळवारी दहा वाजता तो दुकानात आला, तेव्हा रेहाना मुलाणी काउंटरमागे फोन हातात धरून उभी होती. अठरा वर्षं ती या दुकानात होती. कुठलं औषध कुठल्या खणात, हे त्याच्यापेक्षा तिला जास्त ठाऊक.

"दादा, गट बघितलात का?"

"सकाळी बघितला की. का?"

"पुन्हा बघा. सरांचं."

त्याने सरांचा संदेश उघडला. वर नेहमीसारखं 'सुप्रभात मंडळी' होतं. पण 'पुढे वाचा'वर बोट ठेवलं आणि खालचा मजकूर उलगडला. सरांच्या पत्नीला, माईंना, साखर चारशेच्या वर गेल्यामुळे तीन दिवस इस्पितळात ठेवावं लागलं होतं. 'शेटे मेडिकलमधून बुधवारी आणलेले इन्सुलिन बिघडलेले असावे असे वाटते. सर्वांनी सावध असावे,' असं सरांनी लिहिलं होतं. आणि त्या मजकुराच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका होता. ठिपक्याखाली बारीक अक्षरांत: 'सत्यता ९४ टक्के. स्वतंत्र साक्षी ४१. अतिनिकट साक्षी १.'

या ठिपक्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तेव्हा सगळ्यांनाच तो कळल्यासारखा वाटायचा आणि कळलेला कुणालाच नव्हता.

आधीची खरं-खोटं सांगणारी यंत्रं संदेश घेऊन ग्रंथांशी, बातम्यांशी ताडून बघायची. हळदीने काय बरं होतं आणि काय होत नाही, हे ती सांगत. पण कासारवेढ्याच्या पेठेत बुधवारी काय घडलं, हे कुठल्या ग्रंथात असणार? म्हणून 'पडताळा' नावाची नवी यंत्रणा निघाली. ती मजकूर तपासतच नसे, माणसं तपासे. न्यायालयात साक्षीदार तोलतात तसं ती दर गटातल्या माणसांना तोलायची. दोन माणसं एकाच गोष्टीला दुजोरा देतात, ती एकमेकांचं ऐकून देतात की वेगवेगळी? घटनेच्या जागेपासून त्यांचा फोन किती लांब होता? यापूर्वी त्यांचं कितीदा खरं ठरलं? आणि लोक काही 'मी साक्ष देतो' असं म्हणत नाहीत, म्हणून उत्तरातल्या बारीकसारीक खुणांवरून ती दुजोरा ओळखायची. कोट्यवधी संभाषणं वाचून हे ती शिकली होती. साक्षीदारांना कुणी दमदाटी करू नये म्हणून नावं गुप्त. ज्याला त्याला फक्त आपली नोंद बघता यायची, 'माझी साक्ष' या पानावर. ते पान कुणी उघडत नसे. आपण काय बोललो ते आपल्याला माहीतच असतं, अशी प्रत्येकाची खात्री.

यंत्रणा चांगली चालली म्हणून कायद्याने तिला हात दिला. औषध, अन्न किंवा पाणी यांबद्दलच्या तक्रारीवर नव्वदच्या वरचा हिरवा ठिपका पंधरा दिवस टिकला, की निरीक्षक दारात. आणि निरीक्षक आला की परवाना राहतो की जातो, हे त्याच्या हातात.

श्रीशैलने बोटांवर मोजलं. पंधरावा दिवस दोन आठवड्यांनंतरच्या बुधवारी येत होता.

त्याने लगेच खुलासा टाकला. इन्सुलिन दोन ते आठ अंशांत ठेवावं लागतं, आमच्या फ्रिजचं तापमान रोज दोनदा नोंदवलं जातं, असं लिहून सोबत नोंदवहीच्या पानाचा फोटो जोडला. चार, पाच, चार, पाच, चार. पाहणाऱ्याला प्रसन्न वाटावं असं पान. मिनिटभरात त्याच्या खुलाशावर तांबडा ठिपका उमटला. '११ टक्के. लिहिणाऱ्याचे हितसंबंध गुंतलेले. नोंदी एकाच बैठकीत भरलेल्या दिसतात.'

 रेहानाने औषधांच्या खोक्यांवर उगाच फडकं फिरवलं. नोंदी एकाच बैठकीत भरल्या होत्या, हे तिलाही ठाऊक होतं. दर शनिवारी दुपारी, चहा पिता पिता, श्रीशैल आठवडाभराचे आकडे ओळीने लिहून टाकायचा. पेठेतल्या सगळ्याच मेडिकलवाल्यांचा हा रिवाज होता आणि त्यात आजवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

गटात दोन दिवस वाद रंगला. सुरुवातीला दोघातिघांनी श्रीशैलची बाजू घेतली. मग त्यांच्या म्हणण्यावर पिवळे-तांबडे ठिपके उमटले, तसे ते गप्प झाले. स्वतःच्या नावापुढे तांबडा ठिपका कुणाला हवा असतो! एकाने विचारलं, "एक्केचाळीस माणसं खोटं बोलतील का?" त्यावर दुसऱ्याने लिहिलं, "आणि ती अतिनिकट साक्ष? घरचाच कुणीतरी फुटलाय."

ते वाक्य श्रीशैलच्या डोक्यात काट्यासारखं मोडून बसलं.

अतिनिकट म्हणजे काय, हे त्याने नियमावली उघडून वाचलं. ज्याच्या हातातून ती वस्तू प्रत्यक्ष गेली, किंवा जो त्या व्यवहाराचा भाग होता, तो अतिनिकट. म्हणजे तक्रार करणारे सर सोडले, तर दुकानातलंच माणूस. दुकानातली माणसं किती? तो स्वतः, रेहाना, आणि घरी बसून मागणीपत्रं आणि बिलं बघणारी त्याची बायको महानंदा. स्वतःला वगळलं की उरल्या दोघी.

तिसऱ्या दिवसापासून गिऱ्हाईक आटलं. जुनी माणसं समोरच्या दुकानात शिरताना मान खाली घालायची. श्रीशैल काउंटरवर कोपर टेकून त्यांच्याकडे बघत राहायचा आणि मनातल्या मनात मोजायचा: हा त्या एक्केचाळिसांतला. हाही असणार. ही तर नक्कीच. न्हाव्याकडे दाढीला बसला तर गळ्यावरचा वस्तरा त्याला नेहमीपेक्षा हळू फिरतोय असं वाटलं. पण बाहेरच्यांचं एक वेळ ठीक. खरा ठणका त्या एकाचा होता.

शुक्रवारी सकाळी त्याच्या तोंडून ते निघून गेलंच.

"रेहानाताई, तुमचं ते 'माझी साक्ष'चं पान जरा दाखवता?"

रेहाना इंजेक्शनच्या सुया मोजत होती. मोजणं थांबलं.

"कशापायी, दादा?"

"सहज. माझ्या मनाच्या समाधानासाठी."

"तुमाला वाटतंय मी दिली साक्ष?"

"तसं नाही म्हणालो मी. पण माईंचं इन्सुलिन गेलं त्याच्या आदल्या दिवशी, मंगळवारी, मी जतला बारशाला गेलो होतो. दुकानात तुम्ही एकट्या होता. कुणाजवळ काही बोलून गेला असाल..."

"मला काय विचारायचंय ते विचारा. फोन कशाला मागता?"

"दाखवायला हरकत काय आहे मग?"

तिने पर्समधून दुकानाच्या किल्ल्या काढल्या, काउंटरच्या काचेवर ठेवल्या. आवाज होऊ नये अशा बेताने ठेवल्या, हेच त्याला जास्त लागलं. "अठरा वर्षं झाली दादा," एवढंच म्हणाली आणि चप्पल घालून पायऱ्या उतरली. श्रीशैलला वाईट वाटलं. त्याहून मोठ्याने त्याच्या मनात आलं की, निर्दोष असती तर दाखवलं नसतं का?

संशयाची गंमत अशी की, एक दार बंद केलं तर तो लगेच दुसऱ्यापाशी जाऊन उभा राहतो. रेहाना गेल्यावर ठिपका उतरायला हवा होता. तो चौऱ्याण्णवच राहिला. मग श्रीशैल महानंदाच्या हालचाली टिपू लागला. ती फोन पालथा का ठेवते? बहिणीशी बोलताना गच्चीवर का जाते? तगारे माईंना डबा पोचवायला गेली, तेव्हा तिथे पाऊण तास काय करत होती? वीस वर्षांच्या संसारात त्याने बायकोची कधी झडती घेतली नव्हती. आता तो रोज घेत होता, न बोलता, आणि तिला ते कळत नाही असं समजत होता.

आठव्या दिवशी दुपारी तो दुकान बंद करून जेवायला घरी आला. महानंदाने ताट वाढलं, समोर बसली आणि आपला फोन उघडून त्याच्या ताटाशेजारी ठेवला.

"घ्या. बघून घ्या एकदाचं."

"काय?"

"जे गेले चार दिवस चोरून बघताय ते. 'माझी साक्ष'. मी त्या दिवशी सकाळी मुरगुडे काकूंच्या अंत्ययात्रेला होते. फोन घरी होता. एक अक्षर लिहिलं नाही की हात जोडले नाहीत. बघा."

त्याने बघायला नको होतं. त्याने बघितलं. पान कोरं होतं.

"झालं समाधान?"

"महानंदा, तू समजून घे. नियमच तसा आहे. ज्याच्या हातातून ती वस्तू गेली तोच. रेहाना नाही म्हणते, तू नाहीस, मग..."

"तुमचं दाखवा की."

"माझं काय दाखवायचं? मी माझ्याच विरुद्ध साक्ष देईन होय?"

"मी दिली असती का? तरी बघितलंत ना?"

 त्याने उष्ट्या हाताने नको म्हणून डाव्या हाताने स्वतःचा फोन काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा ते पान उघडलं. नोंद एकच होती.

'मंगळवार, सकाळी सात वाजून चार मिनिटे. कृती: जोडलेले हात. अर्थ: पूर्ण दुजोरा. संबंध: विक्रेता स्वतः. स्वतःच्या हिताविरुद्ध दिलेली साक्ष. वजन: सर्वोच्च.'

त्याने दोनदा वाचलं. मग त्याला ती सकाळ आठवली. तोंडात ब्रश, एका हातात बादली, आणि फोनच्या पडद्यावर 'सुप्रभात मंडळी'. पुढचं उघडलं नव्हतं. अंगठा आपणहून गेला होता, अकरा वर्षं जात होता तसा.

यंत्राचं चुकलं कुठे, हे मग त्याला स्वच्छ दिसलं. ज्या संभाषणांवरून ते शिकलं होतं, तिथे माणसं 'हो, असंच घडलं' या अर्थाने खूण करत असणार. कासारवेढ्यात हात जोडतात ते माणसाला, मजकुराला नव्हे. पण यंत्राला सर कोण हे काय ठाऊक? एकमेकांचं बघून केलेले वाटले ते त्याने गाळले आणि उरलेले एक्केचाळीस नमस्कार एक्केचाळीस साक्षी म्हणून मोजले. आणि स्वतःला गोत्यात आणणारं कुणी उगाच कबूल करत नाही, हा न्यायालयातला जुना आडाखा लावून श्रीशैलच्या नमस्काराला सगळ्यांत जड केलं. नंतरच्या खुलाशाला कोण विचारतो? आरोपी आधी कबूल झाला आणि मग फिरला, असाच त्याचा अर्थ.

श्रीशैलला हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. "अगं, मीच! महानंदा, मीच तो!"

महानंदा हसली नाही. तिने आपला फोन उचलला.

"मी नव्हते, हे तुम्हाला फोनने सांगावं लागलं," ती म्हणाली. "जेवून घ्या. भाकरी गार होतेय."

संध्याकाळी तो तगारे सरांकडे गेला. सर ओट्यावर वर्तमानपत्र वाचत होते. आत माई पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या, चेहरा उतरलेला पण आवाज खणखणीत. श्रीशैलने फोन सरांपुढे धरला. सरांनी चष्मा वर-खाली करून नोंद वाचली. मग स्वतःचं पान उघडलं. तिथे लिहिलं होतं: 'असावे, वाटते. अनुमान. वजन: अल्प.'

"म्हणजे माझ्या म्हणण्याला काही वजनच दिलं नव्हतं?" सर म्हणाले.

"नाही, सर."

"अरे, मला नुसती शंका होती रे. मी टाकून दिली. पण दुपारी बघतो तर एक्केचाळीस माणसं! मला वाटलं, सगळ्यांनाच अनुभव आलेला दिसतोय. मग माझी खात्री पटली." त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "तुमच्यावरून माझी, आणि माझ्यावरून तुमची."

"यांनी ते इन्सुलिन बर्फाशेजारी ठेवलं होतं," माई आतून म्हणाल्या. "गोठलं तर खराब होतं म्हणतात."

"बर्फाच्या खालच्या कप्प्यात. तो वेगळा असतो," सर म्हणाले.

"बाटली असती तर कळलं असतं. तीही फेकलीत."

सरांनी फोन हातात घेतला. "आता ते जाऊ दे. मी लिहून टाकतो, चूक माझीच होती, माझ्याच घरी बिघडलं. लोक हात जोडतील, तुझा ठिपका उतरेल, निरीक्षकही येणार नाही. वाटेल तर आत्ता लिहितो."

श्रीशैलचा जीव भांड्यात पडला. इतकं सोपं होतं! त्याला वाकून सरांच्या पायाला हात लावावासा वाटला. तेवढ्यात माईंनी विचारलं, "पण श्रीशैल, खरं सांग. तुझ्याकडे बिघडलं नव्हतं ना?"

गेले आठ दिवस या प्रश्नाला तो खाडकन 'नाही' म्हणत आला होता. गटात म्हणाला, न्हाव्याजवळ म्हणाला, आरशातही म्हणाला. आत्ता माईंच्या हातावरची सलाइनची काळीनिळी खूण त्याच्यासमोर होती. इन्सुलिन विकलं त्याच्या आदल्या मंगळवारी तो जतला बारशाच्या घुगऱ्या आणि पेढे खात होता, आणि पेठेतली वीज गेली होती एवढं त्याच्या कानावर आलं होतं. किती वेळ, ते ठाऊक नाही. फ्रिज किती तापला, ते ठाऊक नाही. वहीत त्या दिवसापुढे चार आणि पाच लिहिलेलं होतं, कारण शनिवारी त्याला चार आणि पाच सुचले होते.

"मला माहीत नाही, माई," तो म्हणाला.

 सरांचा अंगठा फोनवर तसाच राहिला होता.

"मग लिहू नका, सर. तेही खोटंच होईल."

घरी येऊन त्याने स्वतःच लिहिलं. चारदा खोडलं, पाचव्यांदा पाठवलं. 'सरांचा संदेश न वाचता मी हात जोडले. तीच माझी साक्ष धरली गेली. माझी नोंदवही मी रोज भरत नाही, शनिवारी भरतो. इन्सुलिन विकलं त्याच्या आदल्या मंगळवारी वीज गेली होती. इन्सुलिन बिघडलं होतं की नाही, हे मला माहीत नाही. सर्वांना विनंती, आपापलं "माझी साक्ष" हे पान उघडून बघा. आणि कृपा करून या संदेशाला न वाचता हात जोडू नका.'

दोन मिनिटांत पहिलं उत्तर आलं. जोडलेले हात. मग दुसरं. मग चार एकदम. रात्रीच्या जेवणापर्यंत अठ्ठावीस जणांनी हात जोडले होते आणि एकानेही आपलं पान उघडल्याचं लिहिलं नव्हतं. सरांच्या संदेशावरचा ठिपका जागचा हलला नव्हता. महानंदाने तो आकडा त्याच्या खांद्यावरून बघितला. आठ दिवसांत ती पहिल्यांदा हसली, पण त्या आकड्याला, त्याच्याकडे बघून नव्हे.

पंधराव्या दिवशी, बुधवारी, निरीक्षक वाघचौरे मॅडम साडेदहाला येणार असा निरोप होता. नऊ वाजता श्रीशैलने दुकान उघडलं, तर पायरीवर रेहाना उभी.

"तुमचं वाचलं मी," ती म्हणाली. "शेवटपर्यंत वाचलं."

"रेहानाताई, माझं चुकलं. मी तुमच्यावर..."

"ते मागनं बोलू. तुमी मला काय विचारलं दादा? साक्ष दिली का, म्हणून. वीज किती वेळ गेलती, ते इचारलंच नाही." तिने पर्समधून खोकल्याच्या औषधाच्या खोक्याचा फाडलेला पुठ्ठा काढला. त्यावर पेनाने लिहिलं होतं: 'मंगळवार. वीज गेली ९.४०. आली २.१५. फ्रिज उघडला न्हाई. २ वाजता १२.'

"बारा?"

"बारा अंश, बाहेरच्या काट्यावर. तुमी आल्यावर द्यावा म्हणून लिहून ठेवला. तुमी बुधवारी आलात ते पेढे वाटत. शनिवारी मी चहा आणला तवर तुमचं लिहून झालेलं. मग म्हटलं, मालक हायेत, त्यांना कळतं."

बारा. आठच्या पुढे चार. श्रीशैलने तो पुठ्ठा हातात धरला. आठवडाभर तो एक्केचाळीस अनोळखी साक्षीदार शोधत फिरला होता. ज्या एकीने खरंच काही पाहिलं होतं, तिच्यावर त्याने किल्ल्या ठेवून जायची वेळ आणली होती. हा पुठ्ठा फाडून टाकला तर वहीतला चार तसाच राहणार होता. रेहानानेही ते ओळखलं असावं, कारण ती दुसरीकडे, रस्त्याकडे बघत उभी राहिली.

त्याने नोंदवही काढली. त्या मंगळवारच्या चारवर आडवी रेघ मारली आणि बाजूला बारा लिहिलं. वेळा लिहिल्या. वही रेहानाकडे सरकवली.

"सही करा. बघितलं तुम्ही आहे."

तिने आधी ओळ वाचली, मग सही केली.

वाघचौरे मॅडमनी वही पाहिली, पुठ्ठा पाहिला, फ्रिजमध्ये आपला तापमापक ठेवून वीस मिनिटं वाट पाहिली. "बंद बाटलीतलं इन्सुलिन चार-पाच तास बारा अंशांवर राहिलं म्हणून मरत नाही," त्या म्हणाल्या. "गोठलं असेल तर गोष्ट वेगळी, पण ती बाटलीच नाही. तेव्हा माईंना काय झालं, ते मी सांगू शकत नाही आणि तुम्हीही सांगू शकत नाही." श्रीशैलने श्वास सोडला. "पण ही बाकीची वही? चार, पाच, चार, पाच? ही खोटी आहे, शेटे. बारा लिहिलंत म्हणून परवाना ठेवते. खोट्या वहीसाठी सात दिवस दुकान बंद."

त्यांनी शटरवर नोटीस डकवली. पेठ बघायला जमली. नोटिशीवर कारण छापलेलं होतं, ते कुणी वाचलं नाही. गटात अर्ध्या तासात बातमी फिरली, 'शेटेचं दुकान सील, इन्सुलिन खरंच बिघडलेलं', आणि तिच्यावर हिरवा ठिपका आला, सत्त्याण्णव टक्के.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाई नव्हती. श्रीशैल गच्चीवर चहा घेत बसला होता. महानंदा पलीकडे कपडे वाळत घालत होती. दोघांत अजून कामापुरतंच बोलणं होतं. सात वाजून दोन मिनिटांनी फोन किणकिणला. 'सुप्रभात मंडळी.'

अंगठा उठला. जोडलेल्या हातांपर्यंत गेला आणि थांबला. श्रीशैलने 'पुढे वाचा'वर बोट ठेवलं. 'जो सर्वांचे ऐकतो, त्याला सत्य आपोआप सापडते,' एवढंच लिहिलं होतं. त्याने ते दोनदा वाचलं.

"महानंदा, हे ऐक." त्याने वाचून दाखवलं. "तुला पटतं?"

तिने ओला टॉवेल झटकला. "मला नाही पटत. तुम्हाला?"

"मलाही नाही."

"मग तसं लिहा."

अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याने सरांना अक्षरं लिहिली. 'सर, हे मला पटलं नाही.' पाठवलं, आणि फोन मांडीवर ठेवून वाट बघत बसला.  तीन मिनिटं गेली. मग सरांचं उत्तर आलं.

'मलाही नाही. कुणीतरी पाठवले होते, मी न वाचता पुढे पाठवले.'

खाली पहिले जोडलेले हात उमटले.